तेहतीस फुटांची साखळी

भाच्यानं आयोवाहून नळीत घालून पाठवला नकाशा,
अठराशे सत्तेचाळीस सालचा. अर्थात नक्कल.
"मामा, तुमच्या कामाची वस्तू," असं वर लिहिलेलं.
निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली,
विट्यातल्या या खोलीत माझ्या कामाचं म्हणजे
रक्तदाबाच्या गोळ्या आणि एक भिंग.

चार टोकांवर चार वाट्या ठेवून उलगडला
आणि खरं सांगतो, हसलो.
एवढा मुलूख, आणि सगळा चौकोनी!
सहा मैल बाय सहा मैल, आत छत्तीस घरं.
नदी आली तरी रेघ थांबत नाही,
सरळ पाण्यात उतरते, पलीकडून कोरडी निघते.
आमच्याकडं एकेका बांधाला सात कोपरे
आणि कोपऱ्यागणिक भाऊबंदकी.

मग भिंग लावलं.
आकडे वरच्या उजव्या कोपऱ्यातून निघतात,
डावीकडं सहापर्यंत जातात,
सातवा सहाच्या खालीच, आणि तिथून उलटे.
म्हणजे तास धरलंय. शेवटाला बैल वळवलेत.
ज्यानं हे क्रमांक घातले त्यानं औत पाहिलं असणार,
कचेरीत बसून माणूस असं मोजत नाही.

भाचा फोनवर सांगत होता:
दगड नव्हते तिथं, नुसतं गवत.
झाड दिसलं तर साल सोलून त्याला साक्षीदार करायचे,
नाही दिसलं तर मातीचा ढीग, पोटात कोळसा.
कोळसा म्हटल्यावर मी सावरून बसलो.
हद्दीच्या धोंड्याखाली कोळसा निघाला
की भांडणारे गप्प होतात, हे मी दोनदा पाहिलंय.
साखळी त्यांची सहासष्ट फुटी,
आमची तेहतीस, सोळा आण्यांची. बरोबर निम्मी.
एकर तोच.

चौदा नंबरातून एक तुटक रेघ तिरकी जाते.
चौकोनांना न विचारता जाते.
शेजारी बारीक अक्षरात: पायवाट, मूळ लोकांची.
"नंतरच्या नकाशात ती नाही," भाचा म्हणाला,
आणि हवापाण्यावर बोलू लागला.

मी भिंग खाली ठेवलं.

आटपाडीकडच्या पाचखिंडीत, सर्व्हे नंबर बासष्ट,
संस्थानी टिपणात अशीच एक तुटक रेघ होती.
दिवाळी झाली की म्हाकू हुबालेची मेंढरं
तिच्यावरून कृष्णाकाठाला उतरायची.
एकत्रीकरणाच्या मोजणीत मी ती पुढं उतरवली नाही.
कुणी पैसे दिले नव्हते.
दिले असते तर निदान कारण तरी असतं.
एप्रिलचं ऊन होतं, चेनमन यल्लाप्पाला ताप होता,
माणसं मेंढरं घेऊन खाली गेलेली,
त्या वाटेवर त्या दिवशी लेंडीसुद्धा नव्हती.
मोजताना जे हजर नाही ते नाही,
असं कुठल्याच परिपत्रकात लिहिलेलं नव्हतं.
मी तसं वागलो.

पुढच्या दिवाळीनंतर म्हाकू कचेरीत आला.
काठी दाराबाहेर ठेवली, पागोटं तसंच.
"रावसाहेब, ह्यात आमची वाट दावा."
मी म्हणालो, नकाशात नाही.
तो बराच वेळ कागदाकडं बघत राहिला,
अंगठा उचलून परत तिथंच ठेवत.
मग म्हणाला, "मेंढरांला कुठं वाचता येतंय?
ती गेली तशीच. आडवी तार लागली."
किती, ते मी विचारलं नाही.
त्यानं सांगितलं: नऊ. त्यातली दोन गाभण.

आज आयोवा पालथा घातला.
मागची बाजू कोरी, कागद चांगला जाड.
पेन्सिलीनं बासष्ट नंबर आठवून काढतोय,
ओढा, पांदीचं तोंड, कडेचा खराबा.
हात अजून बरा चालतो.
फक्त वाट बाभळीच्या डावीकडून जायची
की उजवीकडून, तिथं अडलोय.

शेवटी यल्लाप्पाला फोन लावला.
त्याला ऐकू कमी येतं. तीनदा ओरडून विचारलं.
"बाभूळ?" तो म्हणाला, "कुठली बाभूळ, सायेब?
तिथं तर लिंब हुता."